दाराखालचा पट्टा

"सोड," मिस्त्री म्हणाला.

त्याच्या बायकोनं सोडलं नाही. गाडीच्या उघड्या दाराशी ती उकिडवी बसली होती आणि दाराखालचा पट्टा दोन्ही तळव्यांनी जागेवर दाबून धरला होता. जुना पट्टा गंजून चाळणी झालेला, तो सकाळीच कापून टाकला होता. त्याच्या जागी हा नवा, दोन हात लांबीचा. मिस्त्रीनं वेल्डिंगचे सहा टाके मारले होते. टाका कसा, दोन्ही पत्र्यांना एकदम चावला पाहिजे. हे सहाच्या सहा नव्या पत्र्यावरच, सांध्यापासून बोटभर बाजूला, ओळीनं बसले होते. दिसायला सुबक, पण धरत काहीच नव्हते. तिनं हात काढला की पट्टा खाली येणार.

"अगं, सोड म्हटलं ना."

"तापलंय अजून," ती म्हणाली. चक्क थाप होती. तिच्या पाठीला रग लागली होती आणि पायाला मुंग्या आल्या होत्या.

गॅरेजात तिला सगळे मिस्त्रीणबाई म्हणत. लग्नानंतर तिसऱ्याच महिन्यात हाताखालचा माणूस न सांगता निघून गेला, तेव्हा "दोन दिवस धर जरा" म्हणून ती उभी राहिली. ते दोन दिवस एकतीस वर्षं चालले. पत्रा धरायला चिमटे असतात. पण वळणावर, कोपऱ्यात चिमटा पोचत नाही, तिथं माणसाचाच हात लागतो. मिस्त्रीची अट एकच. ठिणगी पडायच्या आधी तिनं तोंड फिरवायचं आणि डोळे गच्च मिटायचे. "माझ्याकडं बघायचं नाही," असा त्यानं पहिल्याच दिवशी दम भरला होता. तिनं हे माहेरी सांगितलं तेव्हा बहिणी हसून हसून लोळल्या. नवी नवरी, आणि नवरा म्हणतो बघू नकोस! पण त्या अटीमुळं पन्नाशी उलटली तरी ती चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवत होती. स्वतः हा गृहस्थ मात्र "एका टाक्याला काय डोळ्यांपुढं काळी काच धरायची" म्हणत उघड्या डोळ्यांनी टाके मारत आला. शहाणपण सगळं बायकोला वाटून टाकलं, स्वतःला चिमूटभरही ठेवलं नाही.

गेल्या वर्षी तो सांधा बघायच्या ऐवजी चाचपायला लागला, तेव्हा तिला कळलं. विचारलं तर म्हणे, काच धुरकटलीय. तीन नव्या काचा आणून झाल्या. डॉक्टरचं नाव काढलं की ताटावरून उठायचा. मग तिनं हातमोज्यातला अंगठा सांध्याच्या टोकावर ठेवायला सुरुवात केली. तो डाव्या हातानं अंगठा चाचपायचा आणि त्याच्या शेजारी टाका मारायचा. यावर दोघांत एक अक्षर बोलणं झालं नाही. मोज्यांना भोकं पडली, अंगठ्यावर डाग पडले, झाकली मूठ तशीच राहिली. आज दाराखाली अडचण इतकी, की दोन्ही तळवे दाबण्यातच गुंतले. अंगठ्याला जागाच उरली नाही.

बाहेर बाकावर गाडीची मालकीण बसली होती. नर्स होती, दुपारच्या पाळीला जायचं होतं. दोन गॅरेजं सोडून ती मिस्त्रीचं नाव ऐकून आली होती. "माझी आई मागं बसते हो, त्याच बाजूला," सकाळी ती म्हणाली होती. "तेवढं घट्ट करून द्या."

मिस्त्रीणबाईच्या मनात आलं, अवघड काहीच नाही. ह्यांना चहाला पाठवावं, पट्टा कसाबसा अडकवावा, सांध्यावर भेगा बुजवायची लांबी थापावी, वर रंग मारावा. रंगाखाली काय आहे ते कुणाच्या बापाला दिसत नाही. चार महिने निघतील. आणि कुणी बाजूनं ठोकलं तर?

अंगठा तिचा होता. म्हातारी दुसऱ्याची होती.

तिनं हात काढले. पट्टा फरशीवर पडला आणि खणखणत राहिला.

मिस्त्री काच हातात धरून तसाच उभा राहिला. मग खाली बसला. पट्टा त्याच्या पावलापासून वीतभर अंतरावर होता आणि त्याचा हात भलतीकडंच फिरत होता. तिनं पायानं पट्टा हळूच त्याच्या हाताकडं सरकवला. त्यानं बोट फिरवून टाके मोजले.

"सगळेच?"

"सगळेच."

"आणि इतके दिवस अंगठा भाजून घेत बसलीस."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"हात आंधळा नाही झाला माझा."

आवाज ऐकून नर्स आत आली. "काय पडलं हो? झालं का?"

मिस्त्रीणबाईनं घाईघाईनं तोंड उघडलं. काहीतरी सांगून वेळ मारून न्यायला ती तयार होती. मिस्त्रीनं तिला हातानं थांबवलं.

"नाही झालं, बाई. मला दिसत नाही. आत्ता तुम्हाला नुसता चिकटवलेला पट्टा घेऊन जावं लागलं असतं."

नर्स दोन पावलं पुढं आली आणि सवयीनं त्याच्या डोळ्यांत बघायला लागली. "कुणाला दाखवलंत का?"

"आधी गाडीचं बघू," तो म्हणाला आणि बायकोकडं वळला. "समोरच्या ग्रीलवाल्याला हाक मार. वेडंवाकडं करतो, पण जोडतो."

ह्या ग्रीलवाल्याच्या कामाला त्यानं जन्मभर नावं ठेवली होती. ती रस्ता ओलांडून गेली. परत आली तेव्हा मिस्त्री पट्टा मांडीवर घेऊन ते सहा टाके कानशीनं घासून काढत होता, दर दोन फेऱ्यांनंतर कडेवरून बोट फिरवत. ग्रीलवाला अवघडून उभा राहिला.

"थांब जरा," मिस्त्री म्हणाला. "कड साफ व्हायचीय."

कड साफ झाली. मिस्त्री गुडघ्यावर हात टेकून उठला, काच ग्रीलवाल्याच्या हातात दिली आणि बाजूला झाला. मिस्त्रीणबाई पुन्हा उकिडवी बसली, पट्टा जागेवर दाबला. एकतीस वर्षांत दुसऱ्या कुणासाठी तिनं पत्रा धरला नव्हता. तिनं तोंड फिरवलं आणि डोळे गच्च मिटले.

"वहिनी," ग्रीलवाला म्हणाला, "हात स्थिर ठेवा जरा. पत्रा हलतोय."