सवाष्णीचा विमा

मनकर्णेनं त्या दिवशी कानांवर हात ठेवले नसते तर पुढचं काही घडलंच नसतं, असं सेलूत आजही सांगणारे आहेत. सांगोत बापडे! वटपौर्णिमेचा दिवस, बाई उपाशी, वडाला दोरा गुंडाळून नुकती घरी आलेली, आणि विष्णुपंत गुरुजींना नेमका तोच मुहूर्त सापडला. शाळेतून निवृत्त झाल्यापासून गुरुजी पतसंस्थेच्या कर्जांचे कागद घरोघरी जाऊन करून द्यायचे. मनकर्णेला पिठाच्या गिरणीसाठी कर्ज मंजूर झालं होतं, तिच्या नावावर. नवरा सिताराम जिनिंगमध्ये कापसाचा धुरळा खाऊन खाऊन दम्यानं बेजार झालेला, खाटेवर बसून असायचा. एकुलती लेक बोरीला दिलेली. घर चालवायचं ते मनकर्णेनंच.

"आता हा विम्याचा कागद," गुरुजी चष्मा पुसत म्हणाले आणि वाचू लागले. "कर्ज फिटण्याच्या आत अपंगत्व किंवा मृत्यू आल्यास..."

"अवो गुरुजी!" मनकर्णेनं दोन्ही कान झाकले. "सवाष्णीच्या घरात आजच्या दिवशी मरणाचं वाचत असतेत का? काही वाचू नका. सही कुठं करायची तेवढं सांगा."

"वाचून दाखवायला पाहिजे, बाई."

"न्हाई म्हणलं ना! संस्थेत दिनकरराव साहेबांनी सांगितलंय मला. मला काही झालं तर हप्ते विमा भरील. बास झालं तेवढं."

गुरुजींनाही उन्हं कलायच्या आत आणखी दोन घरं गाठायची होती. त्यांनी कागदाची घडी उलटी केली, बोट ठेवलं, तिनं सही केली. विमा नको म्हणायची सोय नव्हतीच. विमा घेतला तरच कर्ज, हा संस्थेचा नियम. तेव्हापासून दर हप्त्याबरोबर विम्याचे पैसे कापले गेले आणि मनकर्णेनं एकही हप्ता चुकवला नाही.

गिरणी चांगली चालली. बाया दळण ठेवून बाजार करून यायच्या, एवढा तिच्यावर भरवसा. मग एका दिवाळीत, गर्दीच्या टायमाला लाईट गेली. पट्टा घसरला होता, लाईट नाही तोवर बसवून घ्यावा म्हणून तिनं हात घातला. बटन मात्र चालूच राहिलं होतं. अशी कामं सगळेच गिरणीवाले करतात, रोज करतात. तेवढ्यात लाईट आली. उजव्या हाताची चार बोटं गेली.

दवाखान्यातून आल्यावर बाईनं काय करावं? डाव्या हातानं पायली उचलेना. सितारामला पिठात उभं करणं म्हणजे त्याला मारणंच. गिरणी बंद पडली, हप्ते थकले. पण मनकर्णा घाबरली नाही. विमा होता ना! बांधलेला हात पदराखाली घेऊन ती पतसंस्थेत गेली.

दिनकरराव व्यवस्थापक. त्यांनी आधी चहा मागवला, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस फुकटचा चहा पाजणारा नव्हे.

"विमा हाय की, मनकर्णाबाई. पण तो सितारामच्या जिवावर हाय."

"कर्ज माझं, गिरणी माझी, हात माझा गेला. मंग विमा त्यांच्या जिवावर कसा?"

"घरचा कर्ता म्हणून त्याचं नाव घातलंय. सगळ्याच बायांच्या कर्जाला तसं केलंय."

"कुणी सांगितलं होतं?"

"विमा कंपनीनं. आमच्या हातात काय हाय? परभणीला जाऊन इचारा."

ती परभणीला गेली. पहिल्या खेपेला विद्यापीठाच्या नामांतरावरून पुकारलेल्या बंदमुळं एसटी मानवतलाच अडली, दिवसभर बसून माघारी यावं लागलं. दुसऱ्या खेपेला कंपनीच्या कार्यालयात प्रमोदिनीबाई भेटल्या. नीटनेटकी, गोड बोलणारी बाई. "संस्था ज्याचं नाव पाठवते त्याचा विमा आम्ही उतरवतो," त्या म्हणाल्या. "चूक झाली असली तर ती संस्थेची. पैसे परत मागायचे तर तिथंच मागा." संस्थेत परत गेली तर दिनकरराव म्हणाले, कागद गुरुजींनी केले, गुरुजींना विचारा. सगळ्यांनी अंग काढून घेतलं. हप्त्यातून पैसे कापताना मात्र एकालाही शंका आली नव्हती!

गुरुजी स्वतःच घरी आले. ओसरीवर बसले, पाणी घेतलं नाही.

"मी वाचत होतो, मनकर्णाबाई. तुम्हीच कानांवर हात ठेवले."

"ठेवले. पण कागद बाजूला ठिवून दोन शब्द तोंडानं बोलला असता, की बाई, विमा तुझ्यावर न्हाई, तर तुमचं काय गेलं असतं?"

सणावाराची अडचण सांगून थांबवणाऱ्या बाया गुरुजींना पुष्कळ भेटायच्या, आणि खरं सांगायचं तर थांबवलं की त्यांना बरंच वाटायचं, काम लवकर उरकायचं. जाताना ते हळूच म्हणाले, "गुढीपाडव्यानंतर संस्था गिरणी उचलून नेईल. आता सितारामचं काही बरंवाईट झालं, तरच कर्ज सुटेल. कागद तसाच आहे."

"गुरुजी, उठा तुमी आता," मनकर्णा म्हणाली.

आत सितारामचा खोकला सकाळपासून चालू होता. तो त्या घडीला थांबला होता, हे तिला फार नंतर आठवलं.

संध्याकाळी भाकरी खाताना त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "म्हंजे माझ्या मागं गिरणी तुझ्याकडंच राहील म्हण की."

"जीभ झडंल तुमची! जेवा गुमान."

तो हसला. गरीब स्वभावाचा माणूस, बायकोच्या शब्दाबाहेर कधी गेला नाही. पण थंडी सुरू झाली तसा त्याचा दम लय वाढायला लागला. बसल्या जागी छातीतून शिट्टी वाजायची, ओठ निळे व्हायचे. गोळ्या चालू असून असं का व्हायलंय, मनकर्णेला कळेना. मंगळसूत्रातला एक मणी मोडून तिनं नव्या गोळ्या आणल्या. डॉक्टरांनाही नवल वाटलं.

संक्रांतीच्या आधी तिनं त्याची बंडी धुवायला काढली. खिशात पुडी लागली. उघडली तर सगळ्या गोळ्या! जुन्या आणि नव्याही, एकसुद्धा कमी नाही.

"हे काय वो?" तिनं पुडी त्याच्यापुढं धरली. "मी डाव्या हातानं पाण्याचा तांब्या देते, तुमी माझ्यादेखत गिळता..."

"गालात ठिवतो," सिताराम धापा टाकत म्हणाला. "फेकल्या न्हाईत गं. दुकानदार परत घेतोय का बघ. पैशाच्या हायेत."

दर वर्षी वडाला दोरा गुंडाळून मनकर्णेनं त्याच्यासाठी जे आयुष्य मागितलं, ते हा माणूस तिच्याचसाठी खिशात साठवून बसला होता. ती रडली, भांडली, देवाची शपथ घातली. त्यानं मान हलवली, पण गोळीसाठी तोंड उघडलं नाही. "एवढं तरी मला करू दे," एवढंच तो म्हणत राहिला.

दुसऱ्या दिवशी ती परभणीला जाऊन प्रमोदिनीबाईंपुढं उभी राहिली. "बाई, माझ्या मालकाचं नाव काढा. पैसे परत देऊ नका, गिरणी न्या, पण तो विमा मोडा. माणूस मरायला बसलाय माझा."

प्रमोदिनीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "दमा कधीपासून आहे?"

"कर्जाच्या आधीपासून. जिनिंगमध्ये होते तवापासून."

"मग प्रश्नच मिटला." त्या जरा ओशाळल्या. "आधीपासून आजार असला तर विमा मिळतच नाही. त्यांना काही झालं असतं तरी आम्ही पैसे दिले नसते. हे संस्थेनं तेव्हाच विचारायला हवं होतं."

"म्हंजे माझा हात गेला तरी न्हाई, अन् ते गेले तरी न्हाई?"

"नाही."

"मंग इतकी वर्षं पैसे कशाचे घेतले?"

"ते संस्थेला विचारा," प्रमोदिनीबाई खाली बघत म्हणाल्या.

ज्या बाईनं मरणाचा शब्द ऐकायला नको म्हणून कान झाकले होते, तिला आता तोच शब्द स्वतःच्या तोंडानं घरी न्यायचा होता. घरी आली, पायसुद्धा न धुता खाटेशी गेली. सिताराम भिंतीला टेकून दम ओढत होता.

"ऐका," ती म्हणाली. "तुमी मेलात तर एक पैसा मिळत न्हाई. कंपनीच्या बाईनं तोंडावर सांगितलं. तुमचा दमा आधीचा हाय. तुमी आज मरा का उद्या मरा, गिरणी जायचीच."

सितारामनं भिंतीवरची पाठ उचलली. "खरं?"

"तुमची शपथ."

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. दम्याचा माणूस, त्याला धड रडताही येईना. "म्हंजे माझा कशालाच उपयोग न्हाई," तो म्हणाला.

मनकर्णेनं डाव्या हातानं पुडी सोडली, एक गोळी त्याच्या ओठांशी नेली. "न्हाई," ती म्हणाली. "आता गिळा. अन् तोंड उघडून दाखवा मला."

त्यानं गोळी गिळली, आणि लहान लेकरासारखं तोंड उघडून दाखवलं.