हिमालय उतरलेली पँट

तारामतीच्या घरात बर्फ म्हणजे नव्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात साचेल तेवढाच. आणि पोरगी निघाली औलीला, बर्फावर घसरायला! केबल आल्यापासून त्रिवेणीला टीव्हीवरच्या त्या स्कीइंगचं वेडच लागलं होतं. अख्ख्या कॉलेजातून एनसीसीच्या औलीच्या शिबिरासाठी तिची एकटीची निवड झाली आणि तारामतीची मान गल्लीत ताठ झाली. अट एकच होती. बर्फात घालायची पँट ज्याची त्याने आणायची, आणि पहिल्या दिवशी जिचे पाय भिजतील तिला पुन्हा बर्फावर सोडणार नाहीत.

"थंडीच ना? मग कापूस!" म्हणत तारामतीने बेगम बाजारातून पिंजलेला कापूस आणला आणि रजईसारखे टाके घालून जाडजूड पायजमा शिवला. तिचे यजमान एकनाथराव, वीज खात्यातले हेडक्लार्क, ते काय मागे राहतात! कोठीच्या बाजारातून सगळ्यांत जाड जीन्स घेऊन आले. "अमेरिकेत हीच घालतात," म्हणे. जसे काही कालच अमेरिकेहून उतरले होते!

दोघांची अशी जुंपली, की शेवटी त्रिवेणीने दोन्ही कपडे बादलीत बुडवले. पायजमा पाणी पिऊन एवढा जड झाला की तिला एका हाताने उचलेना. जीन्स पिळून फ्रिजच्या वरच्या कप्प्यात कोंबली, ती संध्याकाळी फळीसारखी कडक निघाली.

"आता घालून चालून दाखवा," पोरगी म्हणाली.

तारामतीचा चेहराच पडला. आपल्या शिवणीपायी पोरगी पहिल्याच दिवशी परत आली असती! तेवढ्यात खुंटीकडे नजर गेली. तिथे एकनाथरावांचा स्कूटरवर घालायचा नायलॉनचा रेनकोट होता, पँटीसकट! धो धो पावसात ऑफिस गाठलं तरी माणूस आत कोरडा.

"ती नक्को हां!" एकनाथराव ओरडले.

"गप बसा हो. पोरीपेक्षा पँट मोठी झाली का?"

तारामतीने पँटीचे पाय आतून दुमडले, कमरेत इलास्टिक घातलं. त्रिवेणीने गुडघे वाकवले मात्र, मधली शिवण टर्रकन उसवली.

"एवढंच ना! सलवारीला दोन पायांच्या मधे मियानी घालतात, तशी घालू," म्हणत तिने सरळ रेनकोटाची टोपी कापली आणि तो चौकोनी तुकडा मधे जोडला. शिवणीवर मेण घासलं. आतून घालायला नामपल्लीला दरवर्षी भरणाऱ्या नुमाइशीतली, म्हणजे प्रदर्शनातली, काश्मिरी लोकरीची तंग इजार आणली. त्रिवेणी उकिडवी बसली, उठली, खोलीभर उड्या मारल्या. शिवण जागची हलली नाही.

फेब्रुवारीत औलीहून फोन आला. "आई, दिवसभर आपटले गं! पण पाय कोरडेठाक! उद्या वरच्या उतारावर नेणारेत मला." तारामतीने डोळे पुसायच्या आधी खिडकीतून शेजारच्या शोभाला हाक मारली. असं काही पोटात ठेवायचं असतं होय?

जुलैत एकनाथराव ऑफिसातून चिंब भिजून आले. पँट खुंटीवर कोरडीच्या कोरडी.

"अहो, दुमड उसवून दिली होती ना मी? घातली का नाही?"

"हिमालय उतरून आलीय ती," डोकं पुसत ते म्हणाले. "ती घालून मी नामपल्लीच्या चिखलात जाऊ?"

"वेडेच आहात," तारामती म्हणाली. पण पँट खुंटीवरून काढायला तिचाही हात धजला नाही.