पुजलेला भोंगा

ज्ञानेशला नाद एकच, पण तोही जगावेगळा. मोडीत निघालेल्या रेल्वे इंजिनांचे भोंगे तो भंगारवाल्याकडून आणायचा आणि कुरुळीतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत बसून दुरुस्त करायचा. शेजारच्या निघोजे गावातल्या कंपनीत दिवसभर कॉम्प्रेसर सांभाळूनही गड्याचं हवेने पोट भरत नसे.

पहिल्याच भोंग्याने घोळ घातला. तो भर दुपारी वाजवून पाहिला, तर शेजारची रात्रपाळीची मंडळी कंपनीचा भोंगा समजून झोपेतून उठली. दोघं तर बूट चढवून बसच्या थांब्यावर जाऊन उभे राहिले. घरमालक उद्धवराव दारात येऊन गरजले, "पुन्यांदा वाजला, तर खोली खाली करायची. मंग आमी न्हाई ऐकायचं!"

ज्ञानेशच्या बायकोचा, विजयश्रीचा जीव त्या खोलीत गुंतलेला. पाण्याची ददात नाही, मुलीची शाळा हाकेच्या अंतरावर. भोंगा वाजणार नाही, असा शब्द तिनेच मालकांना दिला. म्हणून ज्ञानेश दुसरा भोंगा घेऊन आला, तेव्हा ती करवादली, "आता हा मुका पाहुणा कशाला पोसायचा?"

पाहुणा हातभर लांब, पितळी. ज्ञानेशने जाम झालेले नट रॉकेलमध्ये भिजवून सोडवले, आतला चिरलेला पडदा काढून नवा बसवला. पण आवाज ऐकायची चोरी! पुरणपोळी करून झाकून ठेवावी, तशी त्याची गत झाली. बिचाऱ्याला अन्न गोड लागेना.

दसऱ्याच्या सकाळी बघतो, तर भोंगा जागेवर नाही. बायकोने भंगारात घातला की काय! तो तसाच अंगणात धावला. उद्धवरावांच्या ट्रॅक्टरपुढे पाटावर भोंगा झळकत होता. देवाच्या भांड्यांबरोबर विजयश्रीने तोही चिंचेने लख्ख घासून तिथे मांडला होता. पूजेच्या नादात उद्धवरावांनी ट्रॅक्टरला हळदकुंकू वाहिलं, पाटावरही वाहिलं, झेंडूचा हारही घातला आणि मग विचारलं, "ह्ये काय हाय?"

"आमचं यंत्र, आबा," विजयश्री म्हणाली. "पुजलेलं यंत्र त्या दिवशी मुकं ठेवू नये, असं तुम्हीच दरसाल सांगता ना?"

उद्धवरावांनी हळदकुंकवाचं ताट खाली ठेवलं. त्यांच्या घराची रीत साऱ्या कुरुळीला ठाऊक होती. पूजा झाली की ट्रॅक्टरही एकदा सुरू व्हायचाच. आता रीत मोडायची, की आपला हुकूम?

"वाजीव," ते शेवटी ज्ञानेशला म्हणाले. "पर एकडाव."

ज्ञानेशने हवेची टाकी जोडली. झडप उघडली आणि भोंगा असा खणखणीत बोलला, की छातीत धडधडलं. ज्ञानेशच्या डोळ्यांत आनंदाने पाणी आलं. शेजारीपाजारी दारात आले, पण आज बूट कुणीच घातले नव्हते.

उद्धवरावांनी कानावरचे हात खाली घेतले. "बास. आता म्होरल्या दसऱ्यापत्तुर आवाज न्हाई."

ज्ञानेश अजून भोंग्याकडेच बघत होता. विजयश्रीने मात्र ते नेमकं ऐकलं. म्हणजे पुढच्या दसऱ्यालाही खोली आपलीच. तिने पटकन आपट्याची पानं उद्धवरावांच्या हातात दिली आणि वाकून नमस्कार केला.