अमृतनानांचा छापील कावळा

पक्ष्यांची जुनी, हाताने रंगविलेली छापील चित्रे जमविण्याचा छंद आमच्या धुळ्यात दोनच इसमांस होता. एक कैलासवासी अमृतनाना आणि दुसरा प्रस्तुत लेखक. उर्वरित शहर शहाणे होते. नानांच्या संग्रहातील सर्वोत्कृष्ट चित्र कावळ्याचे. विलायतेत दगडी ठशावरून कागदावर छापलेले आणि दीडशे वर्षांहून जुने. "जिवंत कावळा फुकट दिसतो, मग त्याचा कागद विकत कशाला घेता?" असा तात्त्विक प्रश्न त्यांचे चिरंजीव किरण वारंवार उपस्थित करीत असत.

नानांच्या दशक्रियेस पांझरा नदीकाठी सर्व आप्तेष्ट जमले. पिंड मांडला गेला, परंतु कावळा काही शिवेना. आमच्याकडील कावळे हल्ली महामार्गावरील ढाब्यांवर स्थायिक झालेले आहेत. त्यांनी नदीवर यावे तरी कशासाठी? तेव्हा नानांची अपुरी इच्छा शोधण्याचे कार्य सुरू झाले. किरणने हात जोडून घराचा वरचा मजला पूर्ण करण्याचे वचन दिले. जावईबापूंनी प्लॉटच्या समान वाटणीचे सुचविले. हयातीत नानांनी या दोन्ही विषयांचा उच्चारही केला नव्हता.

अखेर गुरुजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करू. शास्त्रात सोय आहे."

त्यासरशी नानांच्या पत्नी यशोदाअक्का उठल्या. "गवतना कावया काबर? मना घरमा खरा शे! किरण, जाय, पेटीमाईन लई ये."

किरणने मोटारसायकलवरून चित्र आणले. मी नम्रपणे निवेदन केले, "अक्का, रंग हाताने भरलेला आहे. ओल लागली की संपले सगळे."

"कौतिकभाऊ, तुम्हले कागदनी चिंता, माले मना मानूसनी!"

"मग प्लास्टिकच्या वेष्टनासकट तरी टेकवा."

"स्पर्श थेट हवा," गुरुजींनी निकाल दिला.

किरणने वेष्टन काढले आणि चित्र पालथे करून कावळ्याची चोच पिंडावरील दहीभातात दाबली. मी दृष्टी नदीकडे वळविली. आता काळ्या रंगास तकाकी यावी म्हणून जुने कारागीर त्यावर डिंकाचे पाणी फिरवीत असत, ही गोष्ट तेथे माझ्यावाचून कोणास ठाऊक असणार? तो डिंक ओलावला आणि किरणने कागद उचलला, तेव्हा चोचीस भाताचे एक शीत चिकटलेले होते.

"उचला! नानानी घास उचला! बठ्ठास्नी देखं!" अक्का ओरडल्या.

नानांनी घास उचलला म्हणून सर्वांचे हात जोडले गेले. किरणने तर त्या कागदास आयुष्यात प्रथमच नमस्कार केला. अक्कांच्या डोळ्यांतून धारा लागल्या, त्यामुळे डिंकाची हकीकत सांगण्याचे मी टाळले.

"आता हे नदीत सोडा," गुरुजी म्हणाले. "पिंडाला लागलेली वस्तू घरी नेत नाहीत."

भक्तिभाव ओसरण्यास यापेक्षा अधिक काही लागले नाही. किरण लगबगीने पाण्याकडे निघाला.

"थांब," मी म्हणालो. "मला दे."

अक्का म्हणाल्या, "भाऊ, याडा व्हयनात का? तुमना घरमा लेकरंबाळं शेतस."

"असू द्या."

"न्या काका, न्या!" किरणच्या मुखावर विलक्षण औदार्य पसरले. जे चित्र नाना मला तासभरही घरी नेऊ देत नसत, ते त्याने माझ्यासमोर वाळूत ठेवले आणि तो दोन पावले मागे सरला. परतताना रिक्षात माझ्या शेजारी कोणीही बसले नाही. ओला कागद आडवा धरण्यास ती जागा फार उपयोगी पडली.

घरी आमच्या सौभाग्यवती सुमनबाई दारातच आडव्या आल्या. मी घडले ते काहीएक न लपविता कथन केले.

त्यांनी चोचीकडील शीत निरखून पाहिले. "म्हंजे नानाच आपला घर उनात म्हना. मंग त्यास्ले दारमा काबर उभं करी ठेयेल शे? आंघोय करा नि मजार, घरमा लई या. आनि पंखा लावू नका, कागद वाकडा व्हई जाई."