हॉलंडचा आठवडा

नयनाने माहितीपत्रकातल्या ट्यूलिपच्या ताटव्यावर बोट ठेवलं.

"हे कुठे पाहिलं आपण?"

"ओरान्दा," सई जपानीत म्हणाली.

"मराठीत. वैभवीमावशी विचारेल तेव्हा काय सांगशील?"

"हॉलंड. मग बोटीत बसलो. मग चीज खाल्लं." सईने मान वर केली. "आई, चीज कसं होतं?"

"खारट," ती म्हणाली आणि पान उलटलं.

पुढे सेव्हिलमधली संत्र्याची झाडं होती, त्यापुढे लुत्सर्नचं तळं, मग पॅरिस. 'वसंतातला युरोप' हे पत्रक तिनेच जानेवारीत स्टेशनजवळच्या ट्रॅव्हल एजन्सीतून उचलून आणलं होतं. हॉलंडभोवती तिच्या नवऱ्याने, सुशांतने, पेनने गोल काढला होता. मेच्या सुरुवातीला सगळा जपान सुट्टीवर जातो, तेव्हा आपणही जायचं ठरलं होतं. तोक्योजवळच्या इचिकावातल्या सगळ्या मराठी मंडळींना, वैभवीलाही, ते ठाऊक होतं.

दुसरी गोष्ट मात्र कुणालाच ठाऊक नव्हती. तीन महिने होईपर्यंत बोलायचं नाही, असं सासूबाईंनी फोनवर बजावलं होतं, आणि मार्चमध्ये, तीन महिने व्हायच्या आतच, पोटातलं ते बाळ गेलं. जे होतं हेच कुणाला माहीत नाही, ते गेलं हे कसं सांगायचं? नयनाला ते तोंडाने उच्चारायचंच नव्हतं. विमानात बसवणार नाही, एवढंच ती सुशांतला म्हणाली. त्याने तिकिटं रद्द केली. मग लोक कारण विचारतील, हे दोघांच्याही लक्षात आलं.

"गेलो म्हणू," सुशांत म्हणाला. तिने मान डोलावली होती.

म्हणून आठवडाभर पडदे ओढलेले. कुकरची शिट्टी काढून तिने खणात ठेवली होती; भात पातेल्यात, फोडणी नाहीच. सुशांत आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर बसून असे. सईला चवड्यांवर चालायला शिकवलं होतं. भीती वाटायची ती खालच्या ओकामोतो-सानची. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाई. सई चालायला लागली तेव्हा त्या जिन्यात हसून म्हणाल्या होत्या, तुमची मुलगी किती उत्साही आहे. नयना खूश होऊन घरी आली होती. मग वैभवीने अर्थ सांगितला, "अगं वेडे, फार धावते असं म्हणतेय ती." मार्चमध्ये नयना कठड्याला धरून इस्पितळातून परतली, तेव्हा याच बाईंनी पायऱ्यांवरच्या आपल्या कुंड्या उचलून बाजूला घेतल्या होत्या.

एका दुपारी पडद्याची फट जरा मोठी करून नयनाने गॅलरीतले कपडे आत ओढले. एक मोजा निसटून खाली गेला. ती तशीच उंबऱ्याशी बसून राहिली. थोड्या वेळाने खालून वैभवीचा आवाज आला. नुकत्याच पुण्याहून आलेल्या रेखाला ती गल्ली दाखवत होती.

"हे नयनाचं घर. राणीसरकार सध्या हॉलंडात, फुलं बघतायत. आपण आहोतच, नदीकाठी भजी तळायला."

रेखा हसली.

सईने तोंड उघडलं. नयनाने त्यावर तळहात दाबला.

"अगं, हा सईचा मोजा की. ओलाच आहे." वैभवी थांबली. मग तिने कुंड्यांपाशी उभ्या असलेल्या ओकामोतो-सानना जपानीत विचारलं, वरची मंडळी गेली ना?

"गेली," ओकामोतो-सान म्हणाल्या. "मोजा बरेच दिवस इथेच पडलाय. मी कुंड्यांना पाणी घालते, त्यात भिजतो. आल्या की देईन."

पावलं लांब गेली. सईचा श्वास तळहाताला गरम लागत होता. नयनाने हात काढून बघितला, ओला झाला होता. सईच्या फ्रॉकला पुसला. शरम वाटायला हवी, असं तिला वाटलं. पण वाटली नाही.

सुट्टी संपली, तसा सुशांत तोक्योतल्या दुकानातून डच बिस्किटांचे डबे घेऊन आला. प्रवासाहून आलं की शेजारी काहीतरी द्यावंच लागतं. डब्यांवरची जपानी किमतीची लेबलं त्याने नखाने खरवडून काढली. वैभवीने डबा घेतला, सईकडून बोट आणि चीज वदवून घेतलं.

"चेहरा उतरलाय गं तुझा. मजा केली की नुसती पायपीट?"

"पायपीटच," नयना म्हणाली. ते तेवढ्यावरच निभावलं.

शेवटचा डबा चपलांच्या कपाटावर राहिला होता.

"हा मी देऊन येऊ का?" सुशांतने विचारलं.

तिने डबा उचलला आणि सईला घेऊन खाली गेली.

ओकामोतो-साननी डबा दोन्ही हातांनी घेतला. या, दमला असाल, असं म्हणाल्या. नयनाने शेजारधर्माला पुरेल एवढं जपानी जमवलं होतं, आणि बाई तिच्यासाठी सावकाश बोलत. सईने न विचारताच सुरुवात केली, ट्यूलिप, बोट, चीज. बाईंनी गुडघ्यांवर हात ठेवून वाकून सगळं ऐकलं.

"तिकडे फार हळू चालावं लागलं ना तुला?" त्या सईला म्हणाल्या. "आता धावलीस तरी चालेल."

मग आत जाऊन त्यांनी मोजा आणला. वाळवून, घडी घालून. तो नयनाच्या हातात देताना त्यांनी विचारलं,

"आणि तुम्ही? आता बरं आहे?"

बरं आहे म्हणायचं असतं. ते वाक्य तर नयनाला सगळ्यात आधी शिकवलं होतं. तिने मोज्याची घडी मोडली, पुन्हा घातली.

"नाही," ती म्हणाली. "अजून नाही."

ओकामोतो-साननी मान डोलावली.

"युरोप लांब आहे," त्या म्हणाल्या. "परत यायला वेळ लागतो. घाई करू नका." आणि दार लावता लावता, "तुमची ती शिट्टी, सकाळची. ती नसली की मला उठायला उशीर होतो."

वर येऊन नयनाने डाळ-तांदूळ धुतले. खणातून शिट्टी काढली, कुकरवर बसवली, गॅस मोठा केला. मागे बाहेरच्या खोलीत सई चवड्यांवरच उभी होती, एक टाच टेकावी की नाही या विचारात.

"आई, आपण आलो का परत?"

नयना शिट्टीकडे बघत होती. खालून थोडी वाफ सुटायला लागली होती.

"थांब," ती म्हणाली. "एक शिट्टी होऊ दे."