दोन्ही बाजूंनी उतार

एप्रिलच्या भर दुपारी, चार्जिंग स्टेशनवरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून केदार आगाशेने कबूल केलं, की गेले चौदा महिने आपण सगळ्यांशी खोटं बोलत होतो. या गोष्टीचा शेवट हा असा आहे. पण तूर्तास असं काही घडलेलंच नाही. केदारला त्याची कल्पनाही नाही. आपणही काही ऐकलं नाही अशा चेहऱ्याने पुढे जाऊ.

चौदा महिन्यांपूर्वी केदारने इलेक्ट्रिक गाडी घेतली, पेढे वाटले, आणि तेव्हापासून कुणीही "कशी आहे गाडी?" असं विचारलं की तो तीन शब्द म्हणायचा: "काहीच त्रास नाही."

त्रास होता. कर्वेनगरच्या त्याच्या सोसायटीत चार्जर नव्हता. म्हणून दर तिसऱ्या दिवशी हडपसरचं ऑफिस सुटलं की तो फुरसुंगीजवळच्या चार्जिंग स्टेशनवर जाऊन दीड तास बसायचा आणि घरी "मीटिंग आहे" म्हणून कळवायचा. 'एका रुपयात एक किलोमीटर' हे त्याचं लाडकं वाक्य होतं. स्टेशनवरचा दर घरच्या विजेच्या जवळजवळ तिप्पट होता, हे मात्र वाक्यात बसत नव्हतं. कंपनीने सांगितलेले तीनशे किलोमीटर उन्हाळ्यात दोनशेच्याही आत यायचे. टायर लवकर झिजले होते, विम्याचा हप्ता वाढला होता, आणि नवीन मॉडेल बाजारात आल्यापासून या गाडीला काय किंमत येईल हे विचारायला तो धजावत नव्हता. या सगळ्याची त्याच्या पोटात पक्की नोंद होती. ओठांवर मात्र तेच तीन शब्द.

जानेवारीत सोसायटीच्या सभेत चार्जर बसवण्याचा विषय निघाला. सचिव दिगंबर सबनीस यांनी चष्मा वर करून विचारलं, "आगाशे, इलेक्ट्रिक गाडी तुमची एकट्याची. काही अडचण?"

अख्खी सोसायटी बघत होती. केदार म्हणाला, "छे! काहीच त्रास नाही."

सबनीसांनी इतिवृत्तात लिहिलं: 'विद्युत वाहनधारकास त्रास नसल्याने चार्जरची आवश्यकता नाही.' ठराव एकमताने मंजूर झाला. एकमतात केदारचंही मत होतं.

केदारच्या मीटिंगा कुठे भरतात हे त्याची बायको वल्लरी कधीच ओळखून होती. घरी आल्यावर ती म्हणाली, "तुझ्यामुळे चार्जर नाही आणि चार्जर नाही म्हणून तू घरी नसतोस. गाडीही नसते. पेढे तेवढे चांगले होते हं."

इथवर ज्याचं त्याने भोगलं, असं म्हणता आलं असतं. पण मार्चअखेरीला केदारच्या ऑफिसातले स्टोअरकीपर ज्ञानदेव शिंगटे त्याच्या टेबलापाशी आले.

"साहेब, तुमचं ऐकून ठरवलं बगा. जुनी डिझेल गाडी देऊन टाकतो. गिऱ्हाईक मिळालंय, मंगळवारी येतंय. अक्षय्य तृतीयेला तुमच्यासारखीच घ्यायची."

ज्ञानदेव हडपसरला भाड्याच्या खोलीत राहायचे आणि गाडी रस्त्यावर लावायचे. त्यांची आई मुक्ताई नीरेच्या पलीकडे गावाला असायची. दर महिन्याला तिच्या डोळ्यात इंजेक्शन द्यायला तिला नारायण पेठेतल्या दवाखान्यात आणावं लागे. एक जरी चुकलं तरी उरलेला उजेड जाईल, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

"मध्ये दिवे घाट आहे, ज्ञानदेव," केदार कसाबसा म्हणाला.

"तुम्हीच म्हनला न्हाई का, उतारावर बॅटरी आपोआप भरती?"

तसं तो म्हणाला होता. निदान तीसेक लोकांना म्हणाला होता. उतरण्याआधी चढावं लागतं, हे त्याने एकालाही सांगितलं नव्हतं.

"असं करा साहेब, या शनवारी आईला आनायचंय. तुमच्या गाडीनं जाऊ. एकदा बगतो म्हंजे मन भरंल."

आता सांगावं, असं केदारला फार वाटलं. तोंड उघडलं आणि आतून आपसूक बाहेर पडलं, "जाऊ की! काहीच त्रास नाही."

शनिवारी सकाळी बॅटरी चौऱ्याऐंशी टक्के होती. जाताना केदारने एसी थंडगार ठेवला, घाट ऐटीत चढला आणि टक्के भराभर उतरले. येताना मुक्ताई मागे बसली आणि एसी बंद झाला.

"नैसर्गिक हवा बरी, मावशी. डोळ्यांना," केदार म्हणाला.

बाहेर एकेचाळीस अंश होते. मुक्ताईने पदराने घाम पुसला. "हाय खरी बरी. फुफाट्यात बसल्यावानी वाटतंय."

सासवडला रस्त्यालगत चार्जर दिसला. रिकामा होता. अर्धा तास थांबलं असतं तरी पुरलं असतं. पण थांबायचं म्हणजे ज्ञानदेवसमोर थांबायचं! घेणेकऱ्याला टाळावं तसा केदार दुसऱ्या बाजूला बघू लागला आणि चार्जर मागे गेला.

घाट उतरताना बॅटरी खरंच भरली. पाचाचे सहा टक्के झाले. ज्ञानदेव हरखून म्हणाले, "बग आई, फुकट!" सपाटीला लागताच सहाचे चार झाले, पडद्यावर कासवाचं चित्र उमटलं आणि गाडी कासवाला शोभेल अशी चालू लागली. एका सायकलवाल्याने मागे टाकताना आत डोकावून बघितलं.

"ही यवडी गप का रं, लेकरा?" मुक्ताई म्हणाली. "आजारी हाय का?"

चार्जिंग स्टेशनवर पोहोचले तेव्हा बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. डॉक्टर एकला दवाखान्यातून उठायचे. चार्जरच्या दोन गनपैकी, म्हणजे गाडीत खुपसायच्या नळ्यांपैकी, एक बंद होती, दुसरी एका गाडीला लावलेली.

"कधी आलोच नाही इथे," केदार म्हणाला. "विचारतो कुणाला तरी."

"या केदारराव!" शेडमधून आवाज आला. "आज शनिवारी? तुमची खुर्ची उन्हात गेलीय, सरकवून घ्या."

खुर्चीच्या पाठीवर खडूने 'आगाशे' लिहिलं होतं. शेजारी बद्रीनाथकाका बसले होते. बँकेतून निवृत्त झालेले, थालिपीठाचा डबा आणि शब्दकोडं घेऊन येणारे. केदार त्यांच्या नातवाच्या बारशाला जाऊन आला होता. त्या बारशालाही घरी मीटिंगच सांगितली होती.

ज्ञानदेवांनी खुर्ची बघितली, मग केदारला बघितलं. "साहेब, किती येळ लागंल?"

"पाऊण तास. आधीची गाडी निघाल्यावर."

"आनि आईचं इंजेक्शन?"

ज्ञानदेवांनी उत्तराची वाट बघितली नाही. रिक्षा थांबवली, आईला हाताला धरून बसवलं. मुक्ताईने चाचपडत रिक्षाची कड धरली आणि मागे वळून म्हणाली, "गाडीला पानी पाजा बाबा."

रिक्षा गेली. केदार आपल्या नावाच्या खुर्चीत बसला. त्याने बद्रीनाथकाकांना सगळं सांगितलं.

काकांनी शब्दकोडं मिटलं. "गाडी वाईट नाही रे. मी पुन्हा घ्यायची झाली तर हीच घेईन. शिवाय ती तुझ्यापेक्षा प्रामाणिक आहे. चार टक्के असले तर चारच सांगते."

"लोक हसले असते, काका. 'एवढे पैसे घालून रांगेत बसतोस?' म्हणाले असते."

"म्हणू देत की! आपण पाच जण इथे बसतो, एकमेकांशी अगदी खरं बोलतो, आणि फाटकाबाहेर पडलो की काहीच त्रास नाही. ती दुसरी गन सहा महिने का बंद आहे? कुणाची तक्रारच नाही! तुझ्या सोसायटीत चार्जर का नाही? तुला त्रासच नाही! अरे, ज्याला त्रास नाही त्याची सोय कोण कशाला करेल? आणि तुझ्या मागून येणारा डोळे झाकून त्याच खड्ड्यात पडणार. तो तर आपल्या आईलाही बरोबर घेऊन पडत होता!"

केदारला ती कड चाचपडणारी बोटं आठवली. आपल्या ऐटीची किंमत एक म्हातारी डोळ्याने चुकती करणार होती! त्याने तोंड ओंजळीत झाकलं. "खोटं बोललो हो. चौदा महिने सगळ्यांशी खोटं बोललो."

"मला काय सांगतोस? मला माहीत होतं," काका म्हणाले. "फोन लाव."

फोन एक वाजून दहा मिनिटांनी उचलला गेला. मधल्या तासाभरात केदारने त्या फोनकडे किती वेळा बघितलं याला गणती नाही.

"झालं इंजेक्शन," ज्ञानदेव म्हणाले. "डॉक्टर चपला घालत हुते. आईनं त्येंचा हात धरला, सोडलाच न्हाई."

मग केदारने सगळं सांगितलं. दोनशेच्या आतले किलोमीटर, तिप्पट दर, रांग, टायर, विमा, चढ. घरचा चार्जर असेल आणि रोजचं येणंजाणं गावातल्या गावात असेल तर गाडी सोन्यासारखी आहे, हेही सांगितलं. कारण तेही खरंच होतं.

"साहेब, ह्ये आधी सांगितलं असतं तर तुमची काय इज्जत गेली असती?" ज्ञानदेव म्हणाले. मंगळवारचं गिऱ्हाईक त्यांनी परत पाठवलं. पुढचे दोन आठवडे ऑफिसात त्यांनी केदारला 'साहेब' म्हटलं नाही. ते त्याला फार लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

नागरिकहो, आपली फजिती ही आपली खासगी मालमत्ता नव्हे. तिच्यावर शेजाऱ्याचाही हक्क असतो. नवी वस्तू घेतली की गुणांबरोबर त्रासही सांगावा, न विचारता सांगावा. नाहीतर आपली ऐट दुसऱ्याच्या घरात कुणाच्या तरी जिवावर उठते, आणि सोयी मात्र कुणाच्याच दारात येत नाहीत.

त्या शनिवारनंतर आठवड्याभरातच केदारने सोसायटीला अर्ज दिला. वल्लरीने तो वाचला आणि त्याच्यासमोर चहा ठेवला. अर्ज असा:

'प्रति, मा. सचिव. विषय: त्रास असल्याबाबत. महोदय, अर्जदारास जानेवारीतील सभेच्या वेळीही त्रास होता, तो इतिवृत्तात मागील तारखेने नोंदवून घ्यावा व चार्जरचा विषय पुन्हा सभेपुढे ठेवावा. तसेच अर्जदाराने "उतारावर बॅटरी भरते" असे एकूण एकतीस व्यक्तींना सांगितले असून त्यांपैकी तीस जणांचा अद्याप त्यावर विश्वास आहे. त्यांची गैरसोय टाळण्यासाठी, दिवे घाट जाताना व येताना अशा दोन्ही बाजूंनी उताराचा करून मिळावा, अशी शिफारस आपण संबंधित खात्याकडे करावी, ही नम्र विनंती.'