आधी चौघांना

माझ्या मेहुण्याच्या दिवाणखान्यात मोटारसायकल राहायची. मेहुणाही तिथेच राहायचा, पण जागा तिला जास्त होती. काही घरांना वास असतो. या घरात वासाला घर मिळालं होतं. उकडलेलं अंडं कोणीतरी बुटात ठेवून विसरून जावं आणि मग तोच बूट घालून गुलाबाच्या ताटव्यातून फिरून यावं, असा तो वास. घरच्यांनी त्याचं खापर आधी गटारावर फोडलं, मग शेजारच्या बोक्यावर आणि शेवटी माझ्या बुटांवर. हा शेवटचा संशय माझ्या तोंडावर व्यक्त झाला होता. पाहुणा म्हणून मी गप्प बसलो. जावई म्हणून लक्षात ठेवलं.

मोटारसायकल माझ्या सासऱ्यांची. फार जुनी, जड, काळी आणि माणसांत न मिसळणारी. ते गेल्यापासून मेहुणेबुवा तिला रोज पुसत. टाकीत तोंड बघून भांग पाडता येईल, इतकी. शेजारी काचेचं कपाट होतं. त्यात सासऱ्यांचा चष्मा, हातमोजे आणि काळ्या रबराची एक घडीदार, गोल वस्तू. तिच्यापुढे पाटी होती : ‘मनगटाच्या व्यायामाचे साधन’.

आता त्यांना स्मारक करायचं होतं. अंगणात चौथरा, चौथऱ्यावर मोटारसायकल, चाकं सिमेंटात पक्की आणि समोर संगमरवरात सासऱ्यांचं वाक्य : ‘आधी चौघांना, मग आपण.’

हे त्या घरातलं ब्रह्मवाक्य. दर रविवारी जेवायला हाक मारली, की सासरे अंगणातून ओरडत, “आधी चौघांना, मग आपण!” आणि सगळ्यांचं होत आलं की येऊन शेवटी जेवत. घरात बायको, मुलगी आणि मुलगा, म्हणजे तिघं. चौथं कोण, यावर मतभेद होते. सासूबाईंच्या मते कुत्रा. मेहुणेबुवा भाषणं करतात, त्यामुळे त्यांच्या मते समाज. आमचं लग्न झाल्यावर चौथं ताट मला वाढलं जाऊ लागलं आणि मी मनातल्या मनात प्रश्न निकालात काढला. सासऱ्यांच्या आधी जेवणारा जावई! डोळ्यांत पाणी यायचं माझ्या. ते वासामुळेही असेल.

आमच्या हिला मात्र स्मारक मान्य नव्हतं. ही दातांची डॉक्टर, आता निवृत्त. वडिलांनी याच गाडीवर तिला शिकवलं होतं. भावाला शिकवायला गेले तेव्हा तो खांबाला धडकला आणि पुढे वक्तृत्वाकडे वळला.

“सोन्या, तिला सिमेंटात पुरू नकोस,” ही म्हणाली. “मला दे. मी चालवीन.”

“ताई, ती चालत नाही. मागे एकदा गिअर टाकला तर किंचाळली! बाबांचा आत्मा दुखावला गं.”

“आत्मा नाही, दांडा.”

“चालवून फाटकाबाहेर काढ, गाडी तुझी. नाहीतर आज सिमेंट. गवंडी आलाच आहे.”

गवंडी खरंच आला होता. पोत्यावर बसून चहा पीत होता. “माल कालवलाय साहेब,” तो म्हणाला. “ओतू का?”

“थांबा हो,” ही पदर खोचून खाली बसली आणि मला म्हणाली, “परात धरा.”

माझ्या आयुष्यातल्या बहुतेक वाईट गोष्टी ‘जरा धरा’ने सुरू झालेल्या आहेत.

या गाडीला चेन नाही. इंजिनाची ताकद मागच्या चाकाला जाते ती एका जाड नळीतून. नळीच्या आत पोलादी दांडा फिरतो आणि त्याच्या टोकाला दात असतात. नळी गिअरपेटीला भेटते तिथे रबराचं घडीदार आवरण असतं, त्याला गॅरेजवाले बूट म्हणतात. या बुटाला मेहुणेबुवा रोज पॉलिश करत आणि वर त्यांनी मखमली रिबीन बांधली होती. हिने ती सोडली. रिबिनीखाली रबराला हातभर वाटावी अशी फट. आणि त्या फटीतून तो वास आला.

म्हणजे वास बुटाचाच होता. फक्त माझ्या नव्हे. मी मेहुणेबुवांकडे पाहिलं. त्यांनी छताकडे पाहिलं.

“यात काय ओतलंस?” ही म्हणाली.

“काही नाही. वास येत होता म्हणून जरासा सेंट. गुलाबाचा. आठवड्यातून एकदा.”

“आणि तेल कधी बदललंस?”

“नेमाने! इंजिनाचं, गिअरपेटीचं आणि मागच्या चाकाच्या पेटीचं. तिन्ही.”

हिने नळीच्या पोटाखालचा नट फिरवला. आधी काहीच आलं नाही. मग एक थेंब लोंबकळला, विचार करू लागला आणि परत वर जातो की काय असं वाटलं. तो थेंब नव्हताच, तार होती. सर्दी झालेल्या पोराच्या नाकाखाली असते तशी, रंग मात्र चहात साय मेल्यासारखा. ती परातीत उतरली आणि तिच्यामागून उरलेलं सगळं ‘भळ्ळ’ करून आलं. तेल, गंज, पाणी आणि गुलाब. त्यात एक झुरळाचा पाय होता. बाकीचं झुरळ शोधण्याची कोणी तसदी घेतली नाही. माझी मान आपोआप वळू लागली.

“तोंड फिरवा हवं तर,” ही म्हणाली, “पण परात फिरवू नका.” थोडं अंगठ्यावर सांडलंच. कोमट होतं. का कोमट होतं, हे मी आजवर कोणाला विचारलेलं नाही.

मागचं चाक उतरलं, पेटी उतरली, नळी मागे ओढली. दांड्याचे दात बघताच हिचा चेहरा उजळला. चाळीस माणसं जेवून गेल्यावरच्या मोरीसारखी त्यांची अवस्था, आणि ही म्हणते, “कीड वरवरच आहे. मुळं शाबूत आहेत!” पर्समधून तिने आपली दात कोरायची आकडी काढली, जुना टूथब्रश काढला आणि एकेक दात खरवडू लागली. प्रत्येक दातामागून काहीतरी निघे. मला ते दाखवलं जाई.

“ताई, शिसारी येते गं,” मेहुणेबुवा नाकाला रुमाल लावून म्हणाले. “रोज आंघोळ घालतो मी तिला.”

“तोंड पुसतोस. दात कोण घासणार?”

“माल धरायला लागलाय,” बाहेरून आवाज आला. “ओतू का?”

“बूट नवा लागेल,” ही थांबली. “याचा बूट आज कुठे मिळणार?”

मेहुणेबुवांचा चेहरा हळूच सैलावला. तेवढ्यात हिची नजर कपाटाकडे गेली. ती उठली आणि मनगटाच्या व्यायामाचं साधन बाहेर काढून दाबून पाहिलं. “मऊ आहे अजून.”

“अगं, ते बाबांचं—”

“बाबांनी कधी व्यायाम केला होता रे?”

बूट बसला. तंतोतंत. हिने दातांना ग्रीस लावलं, नळी जोडली, पेटी, चाक. मग नळीवरचं छोटं झाकण उघडून नवं तेल घालू लागली. नव्या तेलालाही वास होता. नवं नुसतं घाण होतं, जुनं अनुभवी घाण.

“ही कुठली नवीन जागा?” मेहुणेबुवांनी विचारलं.

“नवीन कसली? इंजिन, गिअरपेटी, मागची पेटी आणि ही नळी. चार ठिकाणी तेल लागतं हिला. तू तिघांनाच पाजत आलास आणि चौथा—”

ती थांबली. हातातली बाटली तशीच.

“चौघांना,” मेहुणेबुवा म्हणाले. आवाज भाषणातला नव्हता.

“आधी चौघांना, मग आपण,” ही सावकाश म्हणाली. “सोन्या, ते आपल्याबद्दल बोलतच नव्हते रे.”

पंचवीस भाषणं माझ्या डोळ्यांसमोर कोसळली. समाज गेला, कुत्रा गेला. आणि मी, सासऱ्यांचा लाडका चौथा, गंजक्या नळीत जाऊन बसलो.

हिने नकळत हात नाकाशी नेला आणि तिथेच ठेवला. “अरे, वास घे.”

“शी! नको.”

“घे म्हणते ना. बाबा शेवटी का जेवायचे? आई टेबलाशी येऊ द्यायची नाही त्यांना. कितीही साबण लावला तरी हा जायचा नाही. रविवारचा बाबांचा वास हा.”

मेहुणेबुवांनी बहिणीचा हात हुंगला. त्यांना उमासा आला आणि रडूही आलं. आधी कोणतं, ते त्यांनाही कळलं नसावं. “मी सेंट ओतत होतो गं,” ते म्हणाले. “यावर सेंट ओतत होतो.”

गाडी आम्ही ढकलत अंगणात आणली. हिने लाथ मारली, इंजिन सुरू झालं. गिअर टाकताना मेहुणेबुवांनी कानांवर हात ठेवले. किंचाळी आली नाही. चाक फिरलं. ही फाटकातून बाहेर पडली आणि वळणावरून तिने, मागे न बघता, हॉर्न दिला.

“आता ओतू कुठे?” गवंड्याने विचारलं.

मेहुणेबुवांनी कोरून आणलेल्या संगमरवराकडे पाहिलं. “त्या संगमरवराच्या पाठीवर ओत,” ते म्हणाले. “अक्षरं खाली, पालथा घालून.”

गाडी आता आमच्याकडे आहे, आणि वासही. परवा रविवारी मी पान वाढून घेतलं, बसलो आणि अंगणात हाक मारली. ही पाना घेऊन नळीखाली आडवी पडलेली.

“आधी चौघांना!” गाडीखालून आवाज आला. “आणि ती परात आणा हो.”

हातातला घास मी ताटात ठेवला. परात आमच्याकडे एकच आहे, आणि ताटं तिच्यातच विसळतात.